शब्द लक्षात राहतो प्रसंगामुळे

मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांनी इंग्रजी शब्दांच्या याद्या कधी ना कधी पाठ केलेल्या असतात. वहीच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. परीक्षेपुरते ते लक्षात राहतात. पुढे मुलाखतीत किंवा कार्यालयीन पत्रात नेमका शब्द हवा असतो तेव्हा आठवत नाही, आणि आठवला तरी तो कुठे शोभेल याचा भरवसा वाटत नाही. नाट्यमय चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका येथे उपयोगी पडतात. तणावाच्या क्षणी उच्चारलेला शब्द बोलणाऱ्याचा चेहरा, आवाजाची पट्टी आणि परिस्थिती यांसह स्मरणात बसतो.

सिडने ल्युमेट दिग्दर्शित ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) हा चित्रपट या दृष्टीने शब्दकोशाच्या तोडीचा आहे. रेजिनाल्ड रोझ यांची ही कथा प्रथम १९५४ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणी नाटक म्हणून सादर झाली. हिंदीत तिच्यावर ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) निघाल्याने कथानक अनेकांना ठाऊक असते. शिकणाऱ्याची ही मोठीच सोय होते, कारण गोष्ट माहीत असली की कान भाषेकडे लावता येतो.

वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या एका मुलाचा निर्णय करण्यासाठी बारा ज्युरी एका खोलीत बसतात. पहिले मतदान ११ विरुद्ध १. न्यायाधीशांनी सुरुवातीलाच बजावलेले असते की ‘रीझनेबल डाउट’ असेल तर मुलाला दोषी ठरवता येणार नाही. कोश या शब्दांचा अर्थ ‘वाजवी शंका’ असा देतो आणि थांबतो. खुनात वापरलेला चाकू दुर्मीळ असल्याचे इतर जण सांगत असताना हेन्री फोंडाने साकारलेला आठव्या क्रमांकाचा ज्युरी खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलात खुपसतो, तेव्हा वाजवी शंका म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते. ‘नॉट गिल्टी’ आणि ‘इनोसंट’ यांतील फरकही असाच उलगडतो. मुलगा निष्पाप आहे, असा फोंडाचा दावा नाही. गुन्हा सिद्ध झालेला नाही, एवढेच त्याचे म्हणणे. ‘अलिबी’ असा वाचला जाणारा शब्द प्रत्यक्षात ‘ॲलिबाय’ असा उच्चारतात, हेही येथेच कानावर पडते. खुनाच्या वेळी आपण चित्रपट पाहत होतो, असे मुलगा सांगतो; पण चित्रपटाचे नाव त्याला आठवत नाही.

व्याकरणाचा धडाही या खोलीत मिळतो. दहाव्या क्रमांकाचा ज्युरी आरोपीला धड इंग्रजी बोलता येत नाही, असे हिणवतो आणि ते सांगतानाच ‘डझन्ट’ऐवजी ‘डोन्ट’ म्हणतो. परदेशातून आलेला घड्याळजी त्याची चूक शांतपणे दुरुस्त करतो. हा नियम वर्गात कितीदा सांगितला तरी इतका पक्का बसणार नाही.

(भारतात ज्युरीचा निवाडा गाजला तो मुंबईच्या नानावटी खटल्यात, १९५९ मध्ये. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही.)

काही शब्द तर पडद्यावरच जन्मले. ‘गॅसलाइटिंग’चे मूळ पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकात आणि त्यावरील चित्रपटांत आहे. जॉर्ज क्यूकरच्या १९४४ च्या ‘गॅसलाइट’मध्ये नवरा माळ्यावर चोरून दिवा लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतील गॅसचा दिवा मंदावतो. पत्नीच्या ते ध्यानात येते. पण तिला भास होतात, असे तिच्या मनावर ठसवले जाते. इन्ग्रिड बर्गमनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. मेरियम-वेबस्टर या कोशाने २०२२ चा शब्द म्हणून याचीच निवड केली. ज्याने तो मंद होणारा दिवा पाहिला, तो साध्या थापेला ‘गॅसलाइटिंग’ म्हणणार नाही. छायाचित्रकारांच्या झुंडीसाठीचा ‘पापाराझी’ फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिता’ (१९६०) मधील एका पात्राच्या नावावरून आला.

मात्र अडीच तास सलग पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे, ती करमणूक. तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग निवडावा. तो प्रथम उपशीर्षकांशिवाय, मग इंग्रजी उपशीर्षकांसह आणि पुन्हा त्यांच्याशिवाय पाहावा. हिंदी उपशीर्षके टाळावीत. ती असली की डोळे वाचत राहतात आणि कान विसावतात. वहीत सुटा शब्द न टिपता पूर्ण वाक्य लिहावे, कोण कोणाला आणि कोणत्या मनःस्थितीत म्हणाले तेही नोंदवावे आणि ते मोठ्याने म्हणून पाहावे.

शेवटची नोंद विशेष महत्त्वाची. पडद्यावरची माणसे भांडतात, धमकावतात, शिव्या देतात. ती भाषा वरिष्ठांना लिहायच्या पत्रात चालणार नाही. देशही पाहावा लागतो. अमेरिकी मालिकेतील वकील ‘ॲटर्नी’ असतो, ब्रिटिश मालिकेत ‘बॅरिस्टर’ किंवा ‘सॉलिसिटर’, तर आपल्या न्यायालयांत ‘ॲडव्होकेट’.