पानिपत : वस्तीची दुसरी कथा

मराठीत ‘पानिपत’ हा शब्द सर्वनाशाचा वाचक झाला आहे. १४ जानेवारी १७६१ नंतरही या गावाला काही चरित्र असेल, याचे भान मराठी वाचकाला क्वचितच राहते. वस्तुतः या गावाची मोठी उलथापालथ त्या रणसंग्रामानंतर १८६ वर्षांनी झाली.

ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या शेतकऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली आणि १८६९ मध्ये पुरा झालेल्या लोहमार्गाने त्या प्रदेशाला बाजारपेठ जोडून दिली. पुढे ब्रिटिश पंजाबातही कालवा आणि लोहमार्ग यांच्या बळावर असेच वसाहतीकरण झाले. १८९२ मध्ये चिनाबचा कालवा वाहू लागला. मध्य पंजाबातील शेतकरी पश्चिमेच्या कोरड्या ‘बार’ प्रदेशात वसवले गेले आणि लायलपूर उभे राहिले. दोन्हीकडे सरकारी दफ्तराने जमीन मोकळी मानली. तेथे शिकार करणारे, गुरे चारणारे मूळचे लोक मात्र हिशेबाबाहेर राहिले.

१९४७ च्या फाळणीने हा ओघ उलटा फिरवला. उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली यांच्या या गावात मुसलमानांची मोठी वस्ती होती. तिने गाव सोडू नये म्हणून गांधीजी त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात पानिपतला गेले. तरीही बहुतेक कुटुंबे निघून गेली. त्यांच्या घरांत पश्चिम पंजाबातील निर्वासित उतरले. शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी तरलोकसिंग यांनी ‘प्रमाण एकर’ योजला. त्यात जमीन क्षेत्रफळाने न मोजता तिच्या पिकाऊपणाने मोजली जाई. शेजार आणि कसब यांना असे माप नव्हते. तरी आलेल्यांतील विणकरांपाशी खेस विणण्याची कला होती. माग मांडताच तीच उपजीविका झाली.

त्या मागांमागून सतरंज्या, गालिचे, घोंगड्या आणि निर्यातीचा व्यापार आला. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले लोकरी कपडे येथे रंगवार निवडून, बटणे काढून, पिंजून पुन्हा सूत कातले जाऊ लागले. त्या स्वस्त ब्लँकेटांनी आपत्तिग्रस्तांना ऊब दिली. १९९८ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी जुन्या लोकरीचा धंदा आकसला. आता या गिरण्यांत राबणाऱ्यांत उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेले मजूर मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे वस्तीचा ओघ थांबलेला नाही.

या उद्योगाच्या यशाची गणना करताना निर्वासितांचे कष्ट आदराने सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु बारमधली कुरणे जशी मोकळी नव्हती, तशीच पानिपतची घरेही आपोआप रिकामी झाली नव्हती. आलेल्यांनी आपली घरे गमावली होती, गेलेल्यांनीही. या दोन्ही हानी एकत्र वाचल्या तरच पानिपतचा इतिहास पुरा होतो, आणि मराठीतील त्या जुन्या शब्दालाही आणखी एक अर्थ मिळतो : नाशानंतर परक्या उंबरठ्यात नव्याने मांडावा लागलेला संसार.