वजनाचा आकडा आणि बाळंतपणाचे पाणी

जरीपटका म्हटले की मराठी वाचकाला मराठेशाहीचे निशाण आठवते. नागपूरकराला आठवते ती शहराच्या उत्तरेकडील वस्ती, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी गजबजलेली. तेथे राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी एक प्रश्न विचारला. दुसरे बाळंतपण पाण्यात व्हावे अशी तिची इच्छा होती; एका रुग्णालयाने वजनाचा काटा पाहून विषय तेथेच संपविला. झुलेलालाची, म्हणजे जलदेवतेची, उपासना करणाऱ्या घरातल्या आजींनाही हा बेत पसंत नव्हता, ही गोष्ट वेगळी. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु नकारामागचा इतिहास शोधणे आमच्या आवाक्यातले होते.

तिची उंची 155 सेंटिमीटर, गरोदरपणाच्या आरंभीचे वजन 80 किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 33.3 हा आकडा येतो. त्यालाच बॉडी मास इंडेक्स म्हणतात. हे गणित मांडणारा आदोल्फ केतले वैद्य नव्हता. तो ब्रुसेल्सचा खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ. प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याने 1830च्या दशकात दाखविले. त्याचा शोध 'सरासरी माणसा'चा होता, एखाद्या बाईचा नव्हे. या भागाकाराला आजचे नाव 1972 साली अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. आपल्याकडे चरकसंहितेच्या 'अष्टौनिंदितीय' अध्यायात अतिस्थूल हा निंदितांमध्ये गणला आहे खरा, परंतु तेथे काटा नाही. मेद-मांसाची वाढ किती बेढब आहे आणि त्या मानाने उत्साह किती, हे पाहिले आहे. आपल्या बोलीत तर 'दोन जिवांची' म्हणून गर्भिणीच्या ताटात आग्रहाने वाढायचे आणि नंतर तिच्या अंगावर बोट ठेवायचे, अशी दुहेरी रीत आहे.

आकड्याची रेघ कोठे ओढायची, हेही देशागणिक बदलते. भारतीय तज्ज्ञांच्या 2009च्या सहमतीनुसार 25पासून स्थूलता सुरू होते, कारण आपल्याकडे मधुमेह व हृद्रोग कमी वजनातच गाठतात. इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेच्या 2014च्या मार्गदर्शिकेत मात्र 35च्या वर आकडा असल्यास प्रसूतितज्ज्ञांच्या विभागात प्रसूतीचा बेत करावा, आणि 30 ते 35 असल्यास त्या स्त्रीची स्वतंत्र तपासणी करून ठरवावे, असे म्हटले होते. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीला तेथे निदान चर्चेचा हक्क मिळाला असता. त्याच वर्षी इंग्लंडमधील प्रसूतींच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले की, अन्यथा निरोगी असलेल्या स्थूल स्त्रीचे आधी बाळंतपण झालेले असेल, तर तिची जोखीम समजली जाते तेवढी नसते. हे तिच्या बाजूचे होते.

आता पाण्याकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आसन्नप्रसवेला तेल माखून उष्णोदकाने शेकावे व यवागू पाजावी, असा विधी आहे. पाणी येथे वेणांच्या सोबतीला आहे. जन्म पाण्यात नाही. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियात पदवीसाठी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला, तो अशा ग्रंथांच्या आधारे. पुढच्या काळात आपल्या घरांत कढत पाणी उरले ते बाळंतिणीच्या न्हाण्यापुरते. युरोपात पाण्यातील जन्माची एक जुनी नोंद 1803ची, फ्रान्समधली: दीर्घकाळ अडलेली बाई कोमट पाण्यात उतरली आणि मूल झाले. मिशेल ओदाँ यांनी पिथिविएच्या रुग्णालयात वेदना हलक्या व्हाव्यात म्हणून हौद ठेवला. तेथील पहिल्या शंभर जलप्रसूतींचा वृत्तांत 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पाण्याचे मूळ काम कळ सोसायला मदत करण्याचे होते, हे येथे विसरता कामा नये.

खरा पेच पुढेच आहे. पाणी भार हलका करते. मग ज्या देहाला त्याचा सर्वांत जास्त उपयोग, त्यालाच दार बंद का? रुग्णालयांची भीती पोकळ नाही. जाड पोटावरून बाळाचे ठोके टिपणे कठीण जाते. बाळाचा खांदा अडकला, रक्तस्राव झाला किंवा भोवळ आली, तर तिला टबातून क्षणात उचलून बाहेर काढावे लागते, आणि पाण्यात गेलेल्या रक्ताचे मापही चुकते. 2024च्या इंग्लंड-वेल्समधील अभ्यासात 70,000हून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून पाण्यातील जन्म टबाबाहेर येऊन झालेल्या जन्माइतकाच सुरक्षित दिसला. परंतु त्या स्त्रिया कमी जोखमीच्या होत्या. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली वेणांच्या पहिल्या टप्प्यात पाणी मान्य केले, जन्म मात्र बाहेर व्हावा असे सुचविले. आमच्या मते नकार देणाऱ्याची चूक आकडा पाहण्यात नव्हती. आकड्यानंतर एकही प्रश्न न विचारण्यात होती.

तिने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन साखर व रक्तदाब तपासून घेतला, पहिल्या बाळंतपणाचे कागद दाखविले. बेत असा ठरला: साखर-रक्तदाब नीट राहिल्यास कळांचा काळ टबात, पाणी 37.5 अंशांच्या वर नाही, ठोके पाण्यात चालणाऱ्या यंत्रावर, आणि पाणमोट फुटल्यावर रंग गढूळ दिसला तर लगेच बाहेर, जन्म पलंगावर. टबातून कोणाच्या आधाराशिवाय किती वेळात बाहेर पडता येते, हे आठव्या महिन्यात एकदा प्रत्यक्ष करून पाहावे, असे बाईंनी शेवटी सांगितले.