लंडनहून आलेली वाघनखं खरंच महाराजांची आहेत का?

छत्रपती शिवाजी महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध केला. त्या वेळी वापरलेली वाघनखं म्हणून ओळखलं जाणारं शस्त्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्राला दिलं. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्यात त्याचं प्रदर्शन सुरू झालं.

वाघनखं म्हणजे काय?

एका पोलादी पट्टीला चार वाकडी नखं आणि दोन बाजूंना दोन अंगठ्या असतात. अंगठ्या बोटांत घालून मूठ मिटली की नखं हातात लपतात.

आधीचा मालक कोण?

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला स्कॉटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर तो साताऱ्यात रेसिडेंट झाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. त्याचा त्रिखंडी ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघनखं पुढे त्याच्या घराण्यातच राहिली आणि नंतर म्युझियमकडे गेली.

पुरावा कोणता?

शस्त्राच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर. शिवाजी महाराजांनी या वाघनखांनी ‘मुघल सरदारा’ला मारलं आणि पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती ग्रँट डफला दिली, असं त्यात म्हटलं आहे.

इथेच अडचण आहे. अफजलखान मुघलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पेशवा स्वतःच मुख्य प्रधान असे, मग त्याचा ‘पंतप्रधान’ कोण? मजकुरात नाव नाही. शिवाय त्यात मालकाला ‘ईडनचा ग्रँट डफ’ म्हटलं आहे. साताऱ्यात असताना तो नुसता जेम्स ग्रँट होता. स्कॉटलंडमधली ईडनची जहागीर १८२५ च्या सुमारास वारसाने मिळाल्यावर त्याने ‘डफ’ हे नाव जोडलं. म्हणजे हा मजकूर तो मायदेशी परतल्यानंतरचा आहे.

मग निष्कर्ष काय?

वाघनखं ग्रँट डफच्या घराण्याकडून आली, हे नक्की. पण १६५९ ते १८१८ या सुमारे १६० वर्षांत ती कुठे होती, याची नोंद पेटीवर नाही. अफजलखानाच्या वधात हीच वापरली गेली याची खात्री देता येत नाही, असं खुद्द म्युझियमही सांगतं.

वाघनखांचा फोटो शेअर करताना ‘महाराजांची मानली जाणारी’ एवढे शब्द जोडले, तर माहिती अचूक राहते.