बद्द वाजणारा पत्रा

मडके विकत घेताना आपण ते वाजवून घेतो. खणखणले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी तडा आहे. मोटारीच्या पत्र्याला हीच कसोटी उलटी लागते. गाडीतली आसने, गालिचा, दारांची आतली पॅनेल आणि छताचे अस्तर उतरवून ‘डॅम्पिंग’ करून देणारे कारागीर आता पुण्यामुंबईत सहज सापडतात. उघड्या पडलेल्या पत्र्यावर ते आधी बोटांनी टकटक करतात. जिथे पत्रा खणखणतो तिथे काळी, चिकट, वरून चांदीसारखी चकाकणारी शीट बसते. पुन्हा टकटक केल्यावर पत्रा बद्द वाजला, की पुढचे दार.

ही शांतता मोटारीत आली कुठून, याचा माग काढू लागलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की सुरुवातीच्या शांत मोटारींचा पत्र्याशी फारसा संबंधच नव्हता. रोल्स-रॉइसच्या १९०७ सालच्या एका चंदेरी गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मिळाले ते तिच्या भुतासारख्या बिनआवाजी चालीमुळे. पण ती गाडी उघडी होती. वारा, धूळ, रस्ता सगळे बसणाऱ्याच्या अंगावर. शांत होते ते इंजिन, आणि ते शांत होते कारण त्याचे भाग काटेकोर बसवलेले होते. शांतता ही त्या काळी कारागिरीची खूण होती. ती वरून चिकटवता येत नव्हती.

मग गाडी बंद झाली. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आठवणींत दिलेले आकडे बोलके आहेत: अमेरिकेत १९१९ साली विकल्या गेलेल्या मोटारींपैकी साधारण दहा टक्के बंद बांधणीच्या होत्या, १९२७ साली पंचाऐंशी टक्के. पाऊस-थंडी बाहेर राहिली, पण आवाज आत कोंडला. तरीही बऱ्याच गाड्यांच्या छताचा मधला भाग लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचाच असे. १९३५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने एकसंध पोलादी छत आणले. मजबुतीच्या दृष्टीने ती मोठी झेप होती. आवाजाच्या दृष्टीने मात्र माणसे आता पत्र्याच्या डब्यात बसली होती.

या डब्याचे करायचे काय? सरळ उपाय वजनाचा. भिंतीचे वजन दुप्पट केले की तिच्यातून पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने सहा डेसिबलने उतरतो. पण गाडीचा ०.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलो भरतो. त्यावर दोन मिलिमीटरची ब्यूटिल शीट लावली तर साधारण तीन किलो वाढतात. दहा चौरस मीटर जागा झाकली की गाडी तीस किलोंनी जड होते, आणि नुसत्या वजनाच्या हिशेबाने पदरात पडतात जेमतेम साडेतीन डेसिबल. हा सौदा कोणी करणार नाही.

शीटचे खरे काम वेगळे आहे. ती पत्र्याला थरथरू देत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात तेव्हा चामड्याचा स्वर खाली येतो आणि घुमण्याची जातही बदलते; तिथे हेतू नादाचा असतो, इथे नाद मारण्याचा. पत्र्यावर चिकटवलेल्या थराने कंप किती विरतो याचे गणित जर्मनीत हेर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ साली मांडले. अमेरिकेत एडवर्ड केरविन यांनी १९५९ साली पुढची पायरी दाखवली: मऊ थराच्या वर आणखी एक ताठ पातळ थर दिला, तर पत्रा वाकताना मधला मऊ थर दोन्हीकडून खेचला जातो आणि कंपाची ऊर्जा उष्णतेत जाते. आजच्या शीटवरचा चकाकता ॲल्युमिनियम म्हणजे केरविन यांचा तो ताठ थर. गिऱ्हाइकाला तो शोभेचा वाटतो. या तत्त्वात आणखी एक गोष्ट दडलेली आहे: मोकळ्या पत्र्याचा मधला भाग झाकला तरी बराचसा परिणाम साधतो. इंच न् इंच झाकून देणारा कारागीर मेहनती असेल, पण त्यातली बरीच शीट तो वजनावर विकत असतो. टायरची घरघर आणि वाऱ्याचा आवाज तर या शीटने फारसा हटत नाहीच. त्याला जड पडदा, फोम आणि फटी बुजवणारे रबर लागते.

या संशोधनाच्याच सुमारास, १९५८ साली, डेव्हिड ओगिल्वी यांची रोल्स-रॉइसची जाहिरात गाजली. ताशी साठ मैलांच्या वेगाला गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा येतो, असे तिचे म्हणणे. शांतता आता चक्क मथळ्यात बसली होती. कारिन बायस्टरफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीतल्या ऐकण्याचा इतिहास २०१४ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यात एक जुना चालक भेटतो: इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा. शांत गाडीने त्याचे हे कसब हळूहळू काढून घेतले.

आपल्याकडे तो चालक बराच काळ टिकला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात बनवलेल्या पद्मिनीत मी पुष्कळ फिरलो आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पायाखाली रबरी चटई आणि तिच्याखाली जवळजवळ पत्राच. चालक बोलता बोलता थांबे, कान देई आणि गिअर बदले. त्या गाडीला डॅम्पिंग केले असते तरी उपयोग काय? काचा खाली असत. मुंबईच्या उकाड्यात काचा वर करून बसणार कोण? अमेरिकेत गाडी छताने बंद झाली. माझ्या मते आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने बंद केली वातानुकूलन यंत्राने, तीही नव्वदच्या दशकानंतर. काचा चढल्या आणि तेव्हा कुठे पत्र्याची थरथर, दाराची खडखड, टायरची घरघर आपल्याला ऐकू येऊ लागली. त्याआधी ती रस्त्याच्या गोंगाटात बुडालेली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली, तोवर शीटचा धंदा जोरात होता.

एका गॅरेजमध्ये मी असे उतरवलेले सांगाडे पाहिले. कंपनीने दिलेली शांतता किती मोजूनमापून दिलेली असते, ते तिथे कळते. स्वस्त गाडीच्या तळाला डांबरी थराचे चार-सहा तुकडे, दारात एक पातळ प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक पाणी अडवायला असते, आवाज अडवायला नव्हे. जाणता कारागीर ते पुन्हा नीट लावतो आणि दाराच्या तळाशी पाणी निथळायला ठेवलेली भोके उघडी सोडतो. ती बुजवली की गाडी शांत होते आणि दार आतून गंजते. आसनाखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या; आधी बॅटरी सोडवल्याखेरीज तो त्यांना हात लावत नाही.

शांतता पुरेशी झाल्यावर कंपन्यांना आवाजाची आठवण झाली. २०११ सालच्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाची गर्जना स्पीकरमधून आत वाजवली जाते. विजेवरच्या गाड्यांचा आवाज पादचाऱ्यांना ऐकू येत नाही म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलांना संथ वेगात बाहेर आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले.

आपल्याकडे बाहेरच्या आवाजाची कधीच वाण नव्हती. हॉर्नचे भोंगे बॉनेटच्या पुढे, शीटच्या पलीकडे असतात. आत बसलेल्याला स्वतःचाच हॉर्न दबका येतो, म्हणून तो आणखी एकदा दाबतो. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली. सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले होते. हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागत.