उष्णकटिबंधीय गोड्या पाण्यातील मासे : वसा व वसाम्ले

उष्ण प्रदेशांतील नद्या, तळी व जलाशय यांत वाढणाऱ्या माशांमधील चरबीचे प्रमाण आणि ती ज्या वसाम्लांची बनते त्यांचे स्वरूप. भारतात सर्रास खाल्ले जाणारे रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी (तिलापिया) हे या गटातले. यांच्या मांसात वसा बेताचीच, मरळीत तर फारच कमी. हंगामातल्या तारलीसारखे तेल त्यांना सुटत नाही. मात्र एकाच माशात पाठीपेक्षा पोटाचा भाग तेलकट असतो आणि आतड्यांभोवतीची चरबी त्याहून कितीतरी अधिक. बंगालात रोहू-कटल्याची ही चरबी फेकत नाहीत. ‘माछेर तेल’ म्हणून ती भाजीत किंवा वड्यांत घालतात.

मांसात वसा वाढली की पाणी घटते. दोहोंची बेरीज ८० टक्क्यांच्या आसपास राहते. पावसाळ्यात अंडी घालणारे रोहू-कटल्यासारखे कार्प मासे त्याआधी वसा साठवतात आणि अंडाशय भरताना ती खर्ची पडते. ॲमेझॉनमधला तांबाकी पुरात बुडालेल्या रानात शिरून फळे-बिया खातो, पाणी ओसरल्यावर त्या चरबीवर दिवस काढतो. आपल्या बाजारात ‘रूपचंद’ म्हणून विकला जाणारा पाकू त्याचाच भाऊबंद.

संपृक्त वसाम्लांत पामिटिक, तर एक-असंपृक्तांत ओलेइक आम्ल प्रमुख. थंड पाण्यात पेशीपटल लवचिक राहण्यासाठी असंपृक्त वसाम्ले जास्त लागतात. २५–३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती गरज कमी, म्हणून संपृक्तांचा वाटा वाढतो. सागरी माशांच्या मानाने ओमेगा-६ गटातील लिनोलेइक व ॲराकिडोनिक आम्लेही अधिक. मासे म्हणजे ओमेगा-३ हे समीकरण इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. तरीही गोड्या पाण्यातील अनेक मासे १८ कार्बनच्या लिनोलेनिक आम्लापासून ईपीए व डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले काही प्रमाणात स्वतः तयार करतात. सागरी माशांना हे सहसा फारसे जमत नाही.

तळ्यात पाळलेल्या माशाची वसा बरीचशी खाद्यावर ठरते. भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड यांतील तेलात ओलेइक व लिनोलेइक आम्ले भरपूर, लिनोलेनिक जवळजवळ नाहीच. माशातही तोच कल उतरतो. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव चिलापीत ॲराकिडोनिक आम्ल जास्त आढळले आणि वर्तमानपत्रांनी तिला थेट बेकनच्या पंगतीला बसवले. तुलना फसवी होती, कारण चिलापीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात एकूण वसाच सुमारे २ ग्रॅम.

हॉटेलात ‘बासा’ म्हणून मिळणारे पंगासचे काप चरबी छाटून काढलेले असतात. त्या चरबीत पामिटिक व ओलेइक आम्लांचा भर असून ओमेगा-३ नाममात्र असते. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात ती वितळवून तिच्यापासून खाद्यतेल व जैवडिझेल बनवतात.