घरचे वाय-फाय आणि परक्याचा ई-मेल

वाराणसीतील दशाश्वमेध घाटाला लागून असलेल्या शीतला घाटावर ७ डिसेंबर २०१० रोजी सायंकाळी गंगा आरतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाला. या स्फोटात एका लहान मुलीचा मृत्यू झाला, तर तीसहून अधिक जण जखमी झाले. त्यानंतर थोड्याच वेळात 'इंडियन मुजाहिदीन'च्या नावाने स्फोटाची जबाबदारी घेणारा ई-मेल प्रसारमाध्यमांना मिळाला. या ई-मेलचा माग काढत तपास यंत्रणा वाराणसीपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर, नवी मुंबईतील वाशी येथील एका घरापर्यंत पोहोचल्या. त्या घरातील वाय-फाय जोडणी असुरक्षित होती आणि तिचाच वापर करून हा ई-मेल पाठविण्यात आल्याचे तपासात सांगण्यात आले.

हा प्रकार पहिला नव्हता. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी आलेला ई-मेल सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या वाय-फायवरून, तर १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायवरून धाडण्यात आला होता. या घटनांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

माग घरापर्यंतच का येतो?

इंटरनेट सेवा देणारी कंपनी ग्राहकाच्या राउटरला एक आयपी क्रमांक देते. घरातील संगणक, मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच हे सर्व बाहेरच्या जगाला सहसा त्याच क्रमांकाने दिसतात. भिंतीपलीकडून कोणी त्या राउटरशी जोडले गेले, तरी नोंद होते ती ग्राहकाच्याच क्रमांकाची. कंपनीच्या दप्तरात त्या क्रमांकापुढे ग्राहकाचे नाव व पत्ता असतो. त्यामुळे चौकशीची पहिली पायरी त्याच्या दारातच पडते.

कोणती लक्षणे तपासावीत?

इंटरनेट अकारण मंदावणे, डेटाची मर्यादा वेळेआधीच संपणे, घरातील सर्व उपकरणे बंद असतानाही राउटरचा दिवा सतत लुकलुकणे, ही संशयाची लक्षणे आहेत. तथापि, केवळ त्यांवरून निष्कर्ष काढू नये. संगणक आपणहून अद्ययावत होत असेल, तरीही वेग मंदावतो. खात्रीचा मार्ग म्हणजे राउटरच्या नियंत्रण पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहणे. या पानाचा पत्ता बहुधा राउटरच्या खालच्या बाजूस छापलेला असतो. यादीत अनोळखी उपकरण दिसल्यास वाय-फायचा पासवर्ड त्वरित बदलावा.

राउटर सुरक्षित कसा करावा?

- राउटरच्या नियंत्रण पानाचा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात. कंपनीने दिलेले दोन्ही पासवर्ड बदलावेत.
- सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ किंवा किमान डब्ल्यूपीए-२ ही पद्धत निवडावी. जुन्या डब्ल्यूईपी पद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले आहेत.
- एक कळ दाबून किंवा आठ अंकी क्रमांक टाकून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सुविधा बंद ठेवावी.
- पाहुण्यांसाठी स्वतंत्र जोडणी सुरू करावी.
- राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे आणि बाहेरगावी जाताना राउटर बंद करावा.

नको असलेल्या ई-मेलचे काय?

ई-मेलवर दिसणारे प्रेषकाचे नाव कोणालाही खोटे लिहिता येते. त्यामुळे ओळखीच्या नावाने आलेले अनपेक्षित पत्रही तपासूनच उघडावे. अनोळखी जाहिरातबाज पत्रास उत्तर देऊ नये आणि त्यातील दुव्यावर क्लिक करू नये. असे पत्र स्पॅम म्हणून नोंदवावे. पत्रातील चित्रे आपोआप उघडण्याची सोयही बंद करावी, कारण चित्र उघडताच पत्ता वापरात असल्याचे प्रेषकाला कळू शकते.

आपण न पाठविलेली पत्रे परत येत असल्यास दोन शक्यता असतात. कोणीतरी आपला पत्ता खोटेपणाने वापरत असेल किंवा आपले खाते परक्याच्या हाती गेले असेल. अशा वेळी पाठविलेल्या पत्रांचा कप्पा पाहावा आणि पत्रे परस्पर दुसरीकडे वळविण्याची सोय कोणी सुरू केली आहे का, हे तपासावे. त्यानंतर विषाणूमुक्त संगणकावरून पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी सुरू करावी.

धमकीचा ई-मेल मात्र कधीही पुसून टाकू नये. पत्र कोणत्या मार्गाने आले, याची नोंद त्याच्या शीर्षभागात असते. पत्र नेहमीच्या पद्धतीने दुसऱ्यास पुढे पाठविल्यास ही मूळ नोंद त्याच्यासोबत जात नाही. म्हणून मूळ पत्र जपून ठेवावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. तातडीचा धोका असल्यास ११२, तर आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर संपर्क साधावा.