खलनायकाचा उजवा हात

अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सूत्रधार कथा मांडतो आणि खेळाडू त्यातील पात्रे होऊन ती पुढे नेतात. खलनायकाशी निर्णायक सामना बहुधा अखेरीस होतो. तोवर त्याची दहशत हस्तकालाच टिकवावी लागते. म्हणून हस्तकाला निष्ठेचे कारण आणि ठळक खूण हवी. २०१६ च्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’मधील राहादीन हा याचा उत्तम नमुना. रक्तपिपासू स्ट्राडच्या या कारभाऱ्याने धन्याच्या आज्ञेवरून स्वतःच्याच जमातीतील स्त्रियांची कत्तल केली. त्याच्या जवळ जाणाऱ्याच्या मनात त्याने मारलेल्यांच्या किंकाळ्या घुमतात. सेवक असा, तर धनी कसा असेल, हे सूत्रधाराला वेगळे सांगावे लागत नाही.